तीन जण वाचतात, वीस जण गुण देतात

बारा पानांचा संशोधन-आराखडा, एका पानाची उद्दिष्टं, बजेट, प्रत्येक सहकाऱ्याचं बायोस्केच (कामाचा थोडक्यात परिचय), उंदरांवर प्रयोग असतील तर त्यांचं समर्थन, माणसांवर असतील तर त्यांच्या संरक्षणाची तजवीज, जमणाऱ्या डेटाचं पुढे काय करणार याची दोन पानं, संदर्भ, सहकार्याची पत्रं. सगळं एकत्र जोडलं की संशोधनाच्या अनुदानासाठीचा अर्ज सहज शंभर पानांच्या आसपास जातो. लिहायला चार-सहा महिने लागतात आणि त्या काळात लिहिणारा घरात असून नसल्यासारखा असतो. या शंभर पानांचं भवितव्य ज्या चर्चेत ठरतं ती चालते पंधरा मिनिटं, फार तर वीस. चर्चेला वीस-पंचवीस शास्त्रज्ञ बसलेले असतात. अर्ज नीट वाचून आलेले असतात त्यातले तिघे. गुण मात्र सगळेच देतात.

अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या, म्हणजे एनआयएचच्या, पीअर रिव्ह्यूबद्दल, म्हणजे इतर शास्त्रज्ञांकडून होणाऱ्या परीक्षणाबद्दल, जे काही बोललं जातं, म्हणजे तक्रारी, अफवा, ‘तिसऱ्या रिव्ह्यूअरने घात केला’ हे जुनं रडगाणं, त्यातलं बरंचसं या तीन आणि वीसच्या हिशेबातून येतं. हा हिशेब डोक्यात पक्का बसला की अर्ज लिहायची रीत बदलते. निकाल हातात आल्यावर तो कसा वाचायचा, हेही बदलतं.

आधी थोडी वंशावळ. १९३७ साली कायद्याने नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तेव्हा त्याच कायद्यात एक सल्लागार परिषद घालून दिली होती आणि अनुदानाच्या अर्जांवर तिची शिफारस लागे. दुसरं महायुद्ध संपल्यावर युद्धकाळातली वैद्यकीय संशोधनाची कंत्राटं, एनआयएच जिचा भाग आहे त्या सरकारी पब्लिक हेल्थ सर्व्हिसकडे आली. त्यांचा व्याप सांभाळायला १९४६ मध्ये रिसर्च ग्रँट्स ऑफिस निघालं आणि विषयवार तज्ज्ञांचे गट नेमले गेले. त्यांना नाव पडलं स्टडी सेक्शन, आणि ते आजही तसंच आहे. ऑफिसची पाटी मात्र बदलत गेली. १९९७ पासून ते सेंटर फॉर सायंटिफिक रिव्ह्यू, थोडक्यात सीएसआर. वर्षाला साठ हजारांहून जास्त अर्ज आता त्याच्या हाताखालून जातात.

रचना दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर स्टडी सेक्शन शास्त्रीय दर्जा ठरवतं. दुसऱ्या पायरीवर ज्या संस्थेकडून पैसे येणार तिची परिषद शिक्कामोर्तब करते. एनआयएच म्हणजे २७ संस्था आणि केंद्रांचा गोतावळा, त्यामुळे परिषदाही अनेक. दर्जा तोलणारे आणि पैसे सोडणारे हात वेगळे ठेवायचे, हा यातला मूळ विचार. हे वेगळेपण इतकं कडक पाळतात की संस्थेचे प्रोग्रॅम ऑफिसर, म्हणजे तिची अनुदानं सांभाळणारे अधिकारी, स्टडी सेक्शनच्या बैठकीत बसून ऐकतात, पण अर्जाच्या गुणवत्तेबद्दल तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. अर्जदाराच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. अर्ज भरण्याआधी बोलायचं ते प्रोग्रॅम ऑफिसरशी. भरल्यापासून बैठक होईपर्यंत बोलायचं ते बैठक चालवणाऱ्या सायंटिफिक रिव्ह्यू ऑफिसरशी, म्हणजे एसआरओशी. निकाल लागला की पुन्हा प्रोग्रॅम ऑफिसर. सदस्यांशी मात्र कधीच नाही. बैठकीआधी एखाद्या सदस्याला ‘माझा अर्ज तुमच्याकडे आलाय का’ असं सहज विचारणंही अंगाशी येतं. अर्ज परीक्षणातून बाद होऊ शकतो.

अर्ज शास्त्रज्ञ करतो असं आपण म्हणतो, पण कागदोपत्री अर्जदार असते ती तो जिथे काम करतो ती संस्था, जसं की त्याचं विद्यापीठ, आणि अर्ज पाठवायचा अधिकार संस्थेच्या अधिकृत प्रतिनिधीला असतो. बरेच जण इथेच पहिली ठेच खातात. संस्थेची सरकारी नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. ती संपलेली असेल तर अर्ज जात नाही, आणि ती पुन्हा उभी करायला कित्येक आठवडे जाऊ शकतात. आर०१ हे एनआयएचचं संशोधन-प्रकल्पासाठीचं नेहमीचं अनुदान; त्याच्या नव्या अर्जाच्या नेहमीच्या तारखा ५ फेब्रुवारी, ५ जून आणि ५ ऑक्टोबर. दुरुस्त करून पुन्हा पाठवायच्या अर्जांच्या त्यानंतर महिन्याने. वेळ संस्थेच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे संध्याकाळी पाच. अर्ज गेल्यावर ईआरए कॉमन्स या प्रणालीत त्याचं जुळवलेलं रूप पाहायला कामाचे दोन दिवस मिळतात. पण त्या दोन दिवसांत सापडलेली चूक दुरुस्त करून पुन्हा पाठवायची असेल तर तीही मूळ मुदतीच्या आतच पाठवावी लागते. शेवटच्या दिवशी पावणेपाचला अर्ज सोडणाऱ्याला ते दोन दिवस हळहळण्यापलीकडे उपयोगाचे नसतात. बाकी नियम रूक्ष आहेत, पण निर्दय आहेत: अक्षर ११ पॉइंटपेक्षा लहान नको, चारही बाजूंना निदान अर्धा इंच समास हवा, आणि परवानगी नसलेल्या जागी वेबसाइटची लिंक नको. लिंक देऊन बारा पानांच्या मर्यादेला मागच्या दाराने बगल देता येते, म्हणून त्या एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खा अर्ज न वाचता परत जाऊ शकतो.

अर्ज आत गेला की त्याला क्रमांक मिळतो. समजा ‘१ आर०१ सीए’, पुढे सहा आकडे, मग ‘०१ए१’. पहिला १ म्हणजे नवं अनुदान, चालू असलेल्याची मुदतवाढ नव्हे. आर०१ हा अनुदानाचा प्रकार. सीए म्हणजे कर्करोग संस्था. ०१ म्हणजे पहिलं वर्ष, आणि ए१ म्हणजे एकदा नापास होऊन परत आलेला. एवढ्या अक्षरांत अर्जाची जन्मपत्रिका मावते.

मग तो कोणत्या स्टडी सेक्शनकडे जायचा हे ठरतं, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या प्रवासात अर्जदाराच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. अर्जासोबत एक ऐच्छिक फॉर्म असतो. त्यात कोणतं स्टडी सेक्शन हवं, कोणत्या प्रकारचं ज्ञान असलेले परीक्षक लागतील आणि कोणाशी हितसंबंधांचा किंवा वैराचा प्रश्न आहे, हे लिहिता येतं. ‘अमुक माणसाला परीक्षक नेमा’ असं मात्र लिहायचं नसतं. हा फॉर्म कोरा सोडणारे पाहिले की नवल वाटतं. प्रत्येक स्टडी सेक्शनच्या सदस्यांची यादी जाहीर असते, त्याचं विषयक्षेत्र शब्दांत मांडलेलं असतं. यकृतातल्या चरबीच्या चयापचयावरचा अर्ज यकृताचे विकार पाहणाऱ्या गटाकडे गेला तर ‘आजाराशी याचा संबंध काय’ हा पहिला प्रश्न येतो. तोच अर्ज चयापचयाच्या गटाकडे गेला तर पहिला प्रश्न ‘यंत्रणा नेमकी कोणती’ असा असतो. अर्ज एकच, पण परीक्षा दोन वेगळ्या विषयांची.

स्टडी सेक्शनचे कायम सदस्य साधारण चार वर्षांसाठी असतात, वर्षाला तीन बैठका. किंवा वर्षाला दोनच बैठका घेऊन सहा वर्षं. त्यांच्या जोडीला एका बैठकीपुरते बोलावलेले तात्पुरते सदस्य. मानधन बैठकीच्या दिवसाला २०० डॉलर. कामाच्या मानाने ही रक्कम किती ते पाहू. समजा बैठकीला साठ अर्ज आलेत. प्रत्येकाला तीन वाचक हवेत, म्हणजे १८० वाचनं. सदस्य वीस असतील तर माणशी नऊ अर्ज. प्रत्येक अर्ज नीट वाचून, संदर्भ तपासून, मुद्देसूद टिपण लिहायला अर्धा-पाऊण दिवस सहज जातो. हे सगळं स्वतःची प्रयोगशाळा, वर्ग, विद्यार्थी आणि स्वतःचे अर्ज सांभाळून, बहुतेक वेळा रात्री आणि शनिवार-रविवारी. तुमचा अर्ज सातव्या क्रमांकाला, रविवारी रात्री साडेदहाला उघडला जाणार आहे असं गृहीत धरून लिहावा. त्या वेळी लांबलचक परिच्छेद, आकृतीतली मुंगीएवढी अक्षरं आणि पानोपानी संक्षेपांची गर्दी हे सगळं वाचणाऱ्याच्या अंगावर येतं. तो चिडला तर ते टिपणात ‘अस्पष्ट’ या एका शब्दात उतरतं.

वाचण्याचा भार हलका करण्याचा एक सोपा मार्ग आता सगळ्यांच्या बोटांशी आहे, आणि तो बंद केलेला आहे. अर्जाचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनात टाकून टिपण लिहून घ्यायला परीक्षकांना २०२३ पासून मनाई आहे. कारण सरळ आहे: अर्ज गोपनीय असतो, आणि बाहेरच्या साधनाला दिलेला मजकूर कुठे जातो हे कोणी सांगू शकत नाही. दुसऱ्या बाजूला अर्ज लिहिणाऱ्यांनी त्याच साधनांनी धडाका लावला. एका फेरीत एकाच संशोधकाच्या नावावर चाळीसहून जास्त अर्ज आल्याचं उदाहरण देऊन एनआयएचने २०२५ मध्ये मर्यादा घातली: एका प्रमुख संशोधकाला वर्षाला सहाच.

आता मोजमाप. गुण १ ते ९, आणि १ सर्वांत चांगला. परीक्षेत शंभराच्या मागे धावण्याची सवय असलेल्यांना हा उलटा हिशेब पचायला वेळ लागतो. प्रत्येक अंकाला शब्द जोडलेला आहे, आणि त्या शब्दांत फसगत आहे. ३ म्हणजे ‘एक्सलंट’, ४ म्हणजे ‘व्हेरी गुड’, ५ म्हणजे ‘गुड’. ५ हा मध्य असावा अशी कल्पना होती. प्रत्यक्षात चर्चेपर्यंत पोचलेले अर्ज २ आणि ३ च्या आसपास दाटीवाटीने बसतात, आणि ज्याला ‘गुड’ म्हटलं त्याचं काम संपलेलं असतं.

२५ जानेवारी २०२५ पासूनच्या अर्जांना नवी चौकट लागू आहे. पूर्वी पाच निकष होते आणि पाचहींना वेगळे गुण. आता तीन घटक. पहिला, संशोधनाचं महत्त्व: प्रश्न विचारण्याजोगा आहे का, त्यात नवं काय. दुसरा, काटेकोरपणा आणि व्यवहार्यता: हे असं केलं तर उत्तर खरोखर मिळेल का. या दोघांना १ ते ९ गुण. तिसरा, माणसं आणि साधनं. याला आकडाच नाही. पुरेसं आहे किंवा नाही, आणि नसेल तर नेमकी त्रुटी काय, एवढंच लिहायचं. मोठं नाव आणि मोठं विद्यापीठ यांच्या वजनाने गुण झुकू नयेत म्हणून हा बदल. हेतू रास्त आहे. पण पहिल्या पानावर दिसलेलं नाव डोक्यातून पुसण्याचं बटण अजून निघालेलं नाही, हेही खरं. शिवाय या घटकांच्या गुणांची सरासरी म्हणजे एकूण गुण नव्हे. ‘ओव्हरऑल इम्पॅक्ट’ हा वेगळा, स्वतंत्र अंक आहे. एखाद्या परीक्षकाने महत्त्वाला २ आणि काटेकोरपणाला ४ दिले तर त्याचा एकूण अंक ३ असेलच असं नाही. बहुतेकदा काटेकोरपणाचं पारडं जड ठरतं, कारण दोष दाखवायला तिथे जागा जास्त असते.

बैठकीच्या काही दिवस आधी तिघांची टिपणं आणि प्राथमिक गुण प्रणालीत चढतात. ते चढेपर्यंत एकाला दुसऱ्याचं मत दिसत नाही. मग क्रमवारी लागते आणि साधारण खालचा अर्धा भाग चर्चेशिवाय बाजूला पडतो. अर्जदाराच्या पडद्यावर दोन अक्षरं उमटतात: एनडी, ‘नॉट डिस्कस्ड’. त्या अर्जाला एकूण गुण मिळत नाहीत. तिघांची टिपणं आणि घटकांचे गुण तेवढे हाती येतात. पण कोणत्याही सदस्याला एखादा खाली पडलेला अर्ज उचलून चर्चेला घ्या म्हणता येतं, त्यासाठी बहुमत लागत नाही. दोघांनी ५ दिले आणि एकाला तो जीव तोडून आवडला, तर त्या एकाच्या हट्टावर अर्ज वर येऊ शकतो. तीनपैकी एकाला मनापासून पटवणं हे तिघांना बरं वाटण्यापेक्षा कधी कधी जास्त कामाचं ठरतं, ते यामुळे.

बैठक सुरू होते. हितसंबंध असलेले सदस्य, म्हणजे अर्जदाराच्याच विद्यापीठातले, अलीकडचे सहलेखक वगैरे, खोलीबाहेर जातात. ऑनलाइन असेल तर त्यांना आभासी प्रतीक्षालयात ढकललं जातं. अध्यक्ष अर्जाचं नाव वाचतात. तिघे आपापला प्राथमिक अंक आधीच सांगून टाकतात. समजा २, २ आणि ४.

पहिला बोलायला लागतो. अर्ज कशाबद्दल आहे हे तो खोलीतल्या बाकी सतरा जणांना दोन-तीन मिनिटांत सांगतो. त्यांच्यापैकी बरेच जण याच क्षणी उद्दिष्टांचं एक पान उघडून त्यावरून नजर फिरवत असतात. शंभर पानांपैकी जे एक पान सगळी खोली पाहणार, ते हे. दुसरा म्हणतो, मी सहमत आहे, एक-दोन किरकोळ शंका आहेत. तिसऱ्याचा ४ आहे, त्यामुळे आता खोली त्याच्याकडे पाहते. तो म्हणतो: “दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या जिवावर उभं आहे. पहिल्यात ज्या उंदरात तो जीन काढून टाकायचा आहे तो उंदीर अजून तयार झालेला नाही. गर्भातच मेला तर पुढची तीन वर्षं हे काय करणार?”

याला उत्तर द्यायला अर्जदार खोलीत नाही. त्याच्या वतीने कोणी बोलेल तर पहिला परीक्षक, आणि तोही अर्जात हाताशी काही असेल तरच. “सातव्या पानावर पर्याय दिलाय,” तो म्हणतो, “फक्त यकृतापुरता जीन बंद करणारा उंदीर त्यांच्याकडे आधीपासून आहे, आकृती चारमध्ये त्याची माहिती आहे.” हे वाक्य दहा सेकंदांत सापडलं तर तिसरा मान डोलावून ३ वर येतो. तो पर्याय एखाद्या सबंध पान भरलेल्या परिच्छेदाच्या पोटात दडलेला असेल तर पहिला पानं उलटत बसतो, खोलीत शांतता पसरते आणि मग तोच म्हणतो, “हं, तुमचा मुद्दा बरोबर आहे, मी ३ वर जातो.” माहिती दोन्ही अर्जांत तीच होती. म्हणून ‘अपेक्षित अडचणी आणि पर्याय’ याला ठळक उपशीर्षक द्या, असा सल्ला जुनीजाणती मंडळी देतात. त्यात सौंदर्यदृष्टीचा प्रश्न नाही. तुमच्या वकिलाला कागद चटकन सापडावा, एवढ्यासाठी.

मग माणसांच्या आणि प्राण्यांच्या संरक्षणाबद्दल दोन शब्द. त्यात काळजीचं काही निघालं तर ते गुणांवर परिणाम करू शकतं. समजा पर्याय वेळेत सापडला होता; तिघे अखेरचे अंक सांगतात: २, २, ३. म्हणजे रेंज २ ते ३. अध्यक्ष विचारतात, रेंजबाहेर कोणी जाणार आहे का? इतका वेळ गप्प असलेल्या संख्याशास्त्रज्ञ बाईंचा हात वर होतो. उंदरांची संख्या काढताना परिणामाचा जो आकार धरलाय तो प्राथमिक डेटाच्या तिप्पट आशावादी आहे, असं त्यांचं म्हणणं. शेजारचा एक जण त्यांच्याशी सहमत होतो. बाहेर जायचा अधिकार प्रत्येकाला आहे, फक्त ते सांगून आणि कारण देऊन जायचं. मग प्रत्येक जण आपला अंक गुप्तपणे भरतो. बजेटवर बोलणं होतं ते या सगळ्यानंतर, कारण बजेटचा गुणांशी संबंध नाही.

आता बेरीज. दहा जणांनी २ दिले, आठ जणांनी ३, आणि त्या दोघांनी ५. एकूण ५४. वीसने भागून २.७, दहाने गुणून २७. हाच अंतिम गुण. तो १० ते ९० यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. त्या दोघांनी ५ ऐवजी ३ दिले असते तर बेरीज ५० झाली असती आणि गुण २५.

दोन गुणांनी काय बिघडतं? इथे पर्सेन्टाइल, म्हणजे शंभरातला क्रमांक, येतो. कोणतं स्टडी सेक्शन हात सैल सोडतं, कोणतं आखडतं; म्हणून आर०१ अर्जांची तुलना त्याच गटाच्या सलग तीन बैठकांतल्या अर्जांशी करतात. क्रमांकातून अर्धा वजा करायचा, एकूण अर्जांनी भागायचं, शंभराने गुणायचं. तीन बैठकांचे मिळून १८० अर्ज असतील (चर्चा न झालेलेही यात मोजतात) आणि २७ गुणांवर तुमचा क्रमांक २७ वा लागला, तर २६.५ भागिले १८०, म्हणजे १५ वा पर्सेन्टाइल. २५ गुणांवर समजा विसावा क्रमांक मिळाला असता, तर ११ वा. अर्ज २० ते ३० गुणांच्या पट्ट्यात चेंगरून बसलेले असल्यामुळे दोन गुणांत सात जण पुढे निघून जातात.

चार पर्सेन्टाइलचा हा फरक खराखुरा आहे का, हा प्रश्न जुना आहे आणि त्यावर काम झालेलं आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आधीच अनुदान मिळालेले २५ आर०१ अर्ज घेतले आणि ४३ परीक्षकांकडून एनआयएचच्या पद्धतीने पुन्हा तपासून घेतले. एकाच अर्जाबद्दल परीक्षकांचं आपसात एकमत जवळजवळ आढळलंच नाही. दुसरीकडे २०१५ मध्ये एक लाख तीस हजारांहून जास्त अनुदानांवर झालेल्या विश्लेषणात चांगले गुण आणि पुढे मिळालेले संदर्भ, शोधनिबंध, पेटंट यांचा संबंध दिसला होता. वर्षभरातच त्याच डेटातल्या वरच्या २० पर्सेन्टाइलपर्यंतच्या अनुदानांकडे दुसऱ्या गटाने पाहिलं, तेव्हा त्या पट्ट्यात गुणांवरून पुढची कामगिरी फारशी ओळखता येत नाही असं निघालं. माझ्या मते या निष्कर्षांत झगडा नाही. वीस जणांची खोली खडे आणि तांदूळ वेगळे करते. तांदळाच्या दोन दाण्यांतला लांब कोणता, हे ती सांगू शकत नाही. पैशांची रेषा मात्र नेमकी दाण्यांमधूनच जाते. म्हणून काहींनी पात्र अर्जांत चिठ्ठ्या टाका असं सुचवलं. न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने एका अनुदानासाठी २०१३ पासून तसं केलंही. एनआयएचमध्ये ते नाही.

गुण कोणाच्या बाजूने कलतात हा यापेक्षा बोचरा प्रश्न. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात शिक्षण, अनुभव, प्रकाशनं वगैरे हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्या अर्जदारांपेक्षा दहा टक्केबिंदूंनी कमी आढळली. २०१९ मध्ये पुढचं काम आलं. त्यात दिसलं की या तफावतीतला एक भाग विषयाच्या निवडीतून येतो: समाजाच्या आरोग्याशी, आरोग्यातल्या विषमतेशी थेट निगडित विषयांना मुळातच कमी अनुदान मिळतं. खोलीत कोण बसलंय आणि त्यांना ‘महत्त्वाचं’ काय वाटतं, इथेच मग घोडं पेंड खातं.

पुढची पायरी परिषदेची. तिथे दोन तृतीयांश शास्त्रज्ञ आणि एक तृतीयांश समाजातले इतर प्रतिनिधी असतात. परिषदा पुन्हा गुण देत नाहीत; बहुतेक अर्जांवर सरसकट मान्यता देतात आणि थोड्या अर्जांवर थांबून बोलतात. शेवटचा निर्णय संस्थेच्या संचालकांचा. अनेक संस्था वर्षानुवर्षं ‘पेलाइन’ जाहीर करत: अमुक पर्सेन्टाइलच्या आतले अर्ज बहुधा मिळणार. २०२५ मध्ये कर्करोग संस्थेची आर०१ ची रेषा चौथ्या पर्सेन्टाइलपर्यंत खाली घसरली. अनेक वर्षांचे पैसे पहिल्याच वर्षी एकरकमी द्यायचं धोरण आलं, त्यामुळे तेवढ्याच रकमेत कमी अर्ज बसू लागले, हे त्यामागचं एक मोठं कारण. त्याच वर्षाच्या शेवटी एनआयएचने पेलाइनची पद्धतच मोडीत काढायचं ठरवलं. गुणांसोबत संस्थेची प्राधान्यं, अर्जदाराच्या कारकिर्दीचा टप्पा, इतर अनुदानं हे सगळं पाहून निवड करायची. खोलीतला अंक आता आणखी थोडा सैल झाला आहे, आणि त्या सैल जागेत शास्त्राखेरीज काय काय शिरेल ही भीती बऱ्याच जणांना वाटते. मलाही वाटते.

बैठकीनंतर दोन-तीन दिवसांत गुण दिसतात आणि साधारण महिनाभरात समरी स्टेटमेंट, म्हणजे टिपणांचा आणि चर्चेचा लेखी अहवाल, येतं. ते वाचायची एक रीत आहे. टिपणं बहुधा बैठकीआधीच लिहिलेली असतात, आणि चर्चेनंतर परीक्षकाने ती बदलली नसतील तर जुनंच मत छापून येतं. म्हणून गुण २७ आणि तिसऱ्याचं टिपण मात्र झोडपून काढणारं, असा विसंवाद दिसतो. चर्चेत खरं काय झालं हे कळतं ते सुरुवातीच्या एका परिच्छेदातून, जो एसआरओ लिहितात. ‘उत्साह काहीसा कमी झाला’ या त्यातल्या वाक्याआधी जे कारण दिलंय, गुण तिथे गेलेले असतात. टिपणांतल्या बाकी चौदा मुद्द्यांपैकी दहा त्या परिच्छेदात नसतील तर त्यांनी गुणांचं फारसं नुकसान केलेलं नाही. एनडी अर्जाला हा परिच्छेदच नसतो. तिथे तिघांच्याही टिपणांत सामाईक काय आहे ते स्वतः शोधावं लागतं.

दाद मागता येते, पण फक्त प्रक्रियेतल्या दोषाबद्दल: पूर्वग्रह, हितसंबंध, गटात त्या विषयाचं ज्ञानच नसणं, निकाल फिरवेल अशी वस्तुस्थितीची चूक. शास्त्रीय मतभेद हे कारण चालत नाही. आणि दाद मान्य झाली तरी बक्षीस काय, तर तोच अर्ज, एक अक्षर न बदलता, पुन्हा तपासला जाणार. तोवर महिने गेलेले असतात.

शहाणे लोक म्हणूनच पुन्हा अर्ज करतात. दुरुस्त अर्ज एकदाच, मूळ अर्जापासून ३७ महिन्यांच्या आत. तोही गेला तर २०१४ पासून तीच कल्पना पुन्हा नवा अर्ज म्हणून आणता येते. दुरुस्त अर्जाला एक पान जास्तीचं मिळतं, परीक्षकांना उत्तर देण्यासाठी. त्या पानावर तिसऱ्याशी भांडू नये. तो पुन्हा खोलीत असू शकतो. किंवा नसू शकतो, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाने जुना अर्ज पाहिलेलाच नसतो. जुनी टिपणं त्याच्यासमोर असतात आणि तुमचं ते एक पान. ‘दुसरं उद्दिष्ट पहिल्यावर अवलंबून होतं, यकृतापुरता जीन बंद केलेल्या उंदरांतला नवा डेटा आकृती ३ मध्ये दिला आहे, आता दोन्ही उद्दिष्टं स्वतंत्रपणे तडीस जाऊ शकतात, उंदरांची संख्या मोजलेल्या परिणामावरून नव्याने काढली आहे, पान ९.’ एवढं त्या पानाच्या वरच्या तिसऱ्या भागात आलं की पुढच्या बैठकीत पहिल्या परीक्षकाला ते मोठ्याने वाचून दाखवायला दहा सेकंद लागतात.